मी धुतलेलं मडकं

माझ्या नवऱ्याला घरी बिअर करायचं वेड लागलं, त्याला एक परदेशी इंजिनिअर कारण झाला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं होती. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि आम्ही सालवडला दोन खोल्यांत राहत होतो. नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगांना लागणारी रसायनं करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात केमिस्ट होता. पाळीची नोकरी. कारखान्यात नवं मशीन आलं, ते बसवायला हा गोरा माणूस आला, तीन आठवडे राहिला आणि जाताना माझ्या नवऱ्याच्या डोक्याला भुंगा लावून गेला. म्हणे त्यांच्याकडे लोक घरच्या घरी, मोटार ठेवायच्या खोलीत, आपली आपण बिअर करतात. विकायला नाही, नुसती हौस म्हणून. आपण लोणचं घालतो तशी. त्यानं सगळी कृती एका कागदावर लिहून दिली होती आणि तो कागद नवऱ्यानं आमच्या लग्नाच्या फोटोमागे जपून ठेवला.

मी सातारा जिल्ह्यातली. माझ्या माहेरी दारूचं नाव फक्त कुणाचं तरी वाटोळं झाल्याच्या गोष्टीत निघायचं.

"ही दारू नाही गं, प्रयोग आहे," तो म्हणाला.

"मग प्रयोगशाळेत कर."

"तिथे साहेब आहे."

"इथे मी आहे," मी म्हणाले. पण त्याचा उपयोग झाला नाही.

परवान्याशिवाय घरी असलं काही करणं कायद्यात बसत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून खिडक्या लावून काम चालायचं आणि खिडक्या लावल्या की वास घरात कोंडायचा. त्यातल्या त्यात बरं एवढंच की वसाहतीच्या नाल्याचा वास आधीच इतका दांडगा होता, त्याच्यापुढे आमचा वास शेजाऱ्यांच्या नाकापर्यंत पोचणं कठीण होतं.

कागदावरची पहिली पायरी होती जवाला मोड आणणं. नवऱ्यानं पालघरच्या वाण्याकडून जव आणले, बादलीत भिजत घातले आणि तो पाळीवर निघून गेला. दुसऱ्या दिवशी बादलीला असा आंबूस वास सुटला की मी ती मोरीत ओतली आणि रागारागानं नवे जव स्वतः भिजवले. मटकीला मोड आणणं मला काय नवं होतं? आठ तास पाण्यात, मग निथळून ओल्या गोणपाटात, सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी मारायचं आणि हातानं खालीवर करायचं, म्हणजे आत ऊब धरून कुजत नाही. चौथ्या दिवशी एकेका दाण्याला सारखा मोड होता. गच्चीवर वाळवून, चोळून, पाखडून मी ते जव गिरणीत भरड दळून आणले. गिरणीवाल्याला सांगितलं, सातूचं पीठ करायचंय.

मीही बी.एस्सी. होते, केमिस्ट्री घेऊनच. मार्क त्याच्यापेक्षा थोडे जास्त होते. हे आमच्या घरात कधी बोललं जायचं नाही.

पुढची पायरी म्हणजे ती भरड ठरावीक गरम पाण्यात तासभर ठेवायची, गाळायची, उकळायची आणि त्यात कुठलंसं कडू फूल घालायचं. ते फूल पालघर-बोईसरात कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. शेवटी काष्ठौषधीच्या दुकानदारानं "कडूच पाहिजे ना?" म्हणून काडेचिराईत बांधून दिलं. आमची पहिली बिअर तापाच्या काढ्यासारखी लागली. नवऱ्यानं वहीत "किंचित कडू" असं लिहिलं. लॅबमधून बाद झालेला थर्मामीटर, दाटपणा मोजायची काचेची नळी आणि ही वही, असा त्याचा संसार होता. किती वाजता किती तापमान, सगळं वहीत असायचं. मी कधी जेवले, हे मात्र त्याला सांगता आलं नसतं.

आंबवायला तो बेकरीतून यीस्ट आणायचा, त्यामुळे बिअरला पावाचा वास यायचा. दुसऱ्या खेपेला बाटल्यांत साखर जास्त पडली आणि पांघरुणांच्या कपाटात भर दुपारी एक बाटली फुटली. मला वाटलं, वसाहतीत काही उडालं. शेजारच्या खोलीतले कामगार दारात आले.

"भाभीजी, क्या फटा?"

"कुकर," मी म्हणाले. गिरणीवाल्यानंतर या हौसेपायी मी बोललेलं ते दुसरं खोटं.

त्यानंतर मीच कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि बाटलीला साखर किती घालायची ते गणित मांडलं. चिराईत सुरुवातीपासून न उकळता शेवटची दहा मिनिटं घालायचं, हेही मीच सुचवलं. तिसऱ्या खेपेला एकही बाटली फुटली नाही आणि बिअर पिण्याजोगी झाली. पावाचा वास मात्र गेला नाही.

याच सुमारास सुकी मासळी विकणारी एक मावशी आमच्या दाराशी यायला लागली. ती माहीमची, म्हणजे मुंबईचं माहीम नव्हे, पालघरजवळचं, केळव्याच्या अंगाचं. घरची होडी होती, नवरा आणि दोन मुलगे मासेमारीला जायचे आणि ही सुके बोंबील, जवळा टोपलीत घेऊन आठवड्यातून दोनदा सालवड-बोईसरला यायची. मी तेव्हा मासळी खात नव्हते. पण पाणी प्यायला ती आमच्या पायरीवर टेकायची आणि मला दिवसभरात बोलायला दुसरं माणूस नसायचं. महिनाभरात मी जवळ्याची चटणी करायला शिकले. ती मला "बाय" म्हणायची. माहेर सोडल्यापासून कुणी इतक्या सहज मला हाक मारली नव्हती.

एके दिवशी तांब्या हातात धरूनच तिनं नाक वर केलं.

"काय आंबवलंस गो बाय?"

इथे कुकर चालण्यासारखा नव्हता. मी तिला आत नेऊन मोठं पातेलं दाखवलं. तिनं फडकं उचललं, वास घेतला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"ह्यो त पावाचा वास हाय. तुजा नवरा पाव पितो काय?"

मग तिनं मला तिच्या मडक्याची गोष्ट सांगितली. माडी, म्हणजे नारळाच्या झाडाची ताडी, भांड्यात ठेवली की तळाशी पांढरट गाळ बसतो. मावशीच्या घरात तो गाळ कधीच टाकला गेला नव्हता. तिच्या आईनं लग्नात तो तिच्याबरोबर दिला होता आणि आईला तिच्या आईनं. दर दोन दिवसांनी त्याला पेज आणि गुळाचा खडा घालायचा, म्हणजे तो जिवंत राहतो. लग्नात तांदळाच्या पिठाचे वडे करायचे ते या गाळानंच आंबवायचे. दुसऱ्या कशानं फुगवलेल्या वड्याला तिच्या घरी लग्नाचा वडा म्हणत नसत. आणि मुलगी सासरी निघाली की अर्धा गाळ नव्या मडक्यात घालून तिच्या हातात द्यायचा. मावशी तिच्या आईची एकुलती एक मुलगी आणि मावशीलाही एकच मुलगी. त्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं.

मी ऐकत राहिले. इतकी वर्षं एका मडक्यात काहीतरी जगतंय, बायका त्याला भरवताहेत, हे मला कॉलेजात शिकलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा मोठं वाटलं. वसाहतीत सगळं माणसाच्या हुकमानं चालायचं. बटण दाबलं की उकळी, दुसरं दाबलं की थंड. इथे मात्र वाट बघण्यावाचून काही करता येत नव्हतं. नवऱ्यालाही खरं म्हणजे याचीच ओढ असावी, आता मला वाटतं. तेव्हा तो ते आकड्यांत पकडायला बघत होता.

चैत्रात मावशी आली ती कमरेवर मडकं घेऊन. दातिवऱ्याला तिच्या नणंदेचा पाय मोडला होता आणि करायला कुणी नव्हतं. मावशीला पंधरा दिवस जाणं भाग होतं. घरातल्या पुरुषांच्या ताब्यात मडकं दिलं तर ते वरचं पाणी पिऊन टाकतील आणि पेज घालायला विसरतील. लग्न ठरलेल्या मुलीनं त्याला हात लावायचा नाही, तिला ते आईच्या हातूनच मिळायला हवं, अशी त्यांच्याकडची रीत.

"म्हणून तुज्याकडं आणलाय," ती म्हणाली. "तुज्या हाताला मोड येतात. तुला कळल. वर झाकण नको घालू, फडकं बांद. त्याला वारा लागतो. नि यातली वाटीभर तुज्या नवऱ्याला दे. त्याचा पाव तरी बंद व्हईल."

पेज किती, गूळ किती, सावली कुठली, सगळं तिनं सांगितलं. धुवू नको, एवढं सांगितलं नाही. ते सांगावं लागेल असं तिच्या मनातही आलं नसेल.

मी मडकं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं. दर दोन दिवसांनी पेज निववून घालायचे. कान जवळ नेला की आतून बारीक सळसळ ऐकू यायची. नवऱ्यानं वाटीभर गाळ नव्या बिअरमध्ये घातला आणि आठवड्यानं बाटली उघडली, पेल्यात ओतून एक घोट घेतला, लगेच दुसरा. मग त्यानं पेला माझ्याकडे सरकवला. तोवर मी चमचाभर चाखून तोंड वाकडं करण्यापलीकडे गेले नव्हते. त्या दिवशी घोट घेतला. गढूळ, सोनेरी, किंचित आंबट, मागे मोड आलेल्या जवाची चव आणि अगदी शेवटी चिराईताचा कडवटपणा, जिभेवर आला न आला असा. मला आवडली. मी उठून जवळा परतला, आणि आम्ही दोघांनी एक बाटली संध्याकाळपर्यंत पुरवली. लग्नानंतर इतका वेळ आम्ही एकमेकांसमोर बसलो होतो तो बहुधा त्याच दिवशी.

पण त्याला ते लोकांना दाखवायचं होतं. रविवारी दुपारी त्यानं कारखान्यातल्या चार मित्रांना बोलावलं. बाटल्या उघडल्या, वही निघाली. माझा नवरा बोलतोय आणि चार माणसं ऐकताहेत, असं मी पहिल्यांदाच पाहत होते. साखरेचं गणित आपण कसं बसवलं ते तो सांगत होता. चिराईत दहा मिनिटंच का, तेही. मी कांदा चिरत ऐकत होते. आत्ता माझं नाव घेईल, मग घेईल, असं वाटत होतं. शेवटी एका मित्रालाच दया आली.

"वहिनींचाही हात असेल की यात."

"हिचा काय संबंध?" नवरा हसून म्हणाला. "मटकीला मोड आणते तसे जवाला आणते, एवढंच." सगळे हसले. तोही हसला, आणि त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच मला जास्त लागलं.

मी भांडले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री मी मुकाट्यानं जेवायला वाढलं, सकाळी मुकाट्यानं डबा दिला.

मंगळवारी मावशी मडकं न्यायला येणार होती. सोमवारी सकाळी नवरा पहिल्या पाळीला गेला आणि मी मडकं मोरीत घेतलं. आमच्याकडे कुणाचं भांडं खरकटं परत करत नाहीत आणि रिकामंही परत करत नाहीत. धुवायचं, लख्ख करायचं आणि त्यात काहीतरी घालून द्यायचं. हे मी स्वतःला सांगितलं. सांगताना मी मडक्याला कान लावला होता. आत सळसळ चालू होती.

मग मी उकळतं पाणी ओतलं. धुण्याचा सोडा टाकला. नारळाच्या शेंडीनं आतून घासलं, पुन्हा उकळतं पाणी, पुन्हा घासणं. दुपारभर उन्हात पालथं घातलं. संध्याकाळी शेंगदाण्याचे लाडू वळून त्यात भरले आणि वर स्वच्छ फडकं बांधलं. मला मावशीचं वाईट करायचं नव्हतं. मला त्याची बिअर मारायची होती. आता आण पाव, पी पाव, असं मनात चाललं होतं. मावशी आणि तिच्या मुलीचं लग्न त्या वेळी माझ्या डोक्यात आलंच नाही, आणि याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मावशी आली. नवरा पाळीवरून येऊन चहा पीत बसला होता. मावशीनं फडकं सोडलं.

"लाडू! गुणाची गो बाय ती."

तिनं लाडू एकेक करून टोपलीत काढले आणि हात मडक्यात घातला. हात कोरडा बाहेर आला. तिनं बोटांचा वास घेतला, पुन्हा हात घातला, तळ चाचपला. मग तिनं वर पाहिलं, पण माझ्याकडे नाही. नवऱ्याकडे.

"साहेब, तुमी धुतलंव?"

माझ्यावर संशय घ्यायचं तिला सुचलंसुद्धा नाही. मी बोलायला हवं होतं. नवऱ्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पेला खाली ठेवला.

"हो मावशी. चुकलं माझं. म्हटलं, स्वच्छ करून द्यावं."

मावशी मडकं मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

"आठ दिसांवर लगीन हाय," ती म्हणाली. "आता वडं कशावर फुगवू? नि पोरीच्या हातात काय देऊ? आयेनं दिल्याला व्हता तो."

मडकं तिथेच ठेवून ती टोपली घेऊन उठली. तिची पाठ बघताना माझं डोकं ताळ्यावर आलं. वाटीभर गाळ बिअरमध्ये गेला होता आणि बिअर बाटल्यांत होती. प्रत्येक बाटलीच्या बुडाशी पांढरी रेघ होती.

"मावशी, थांब," मी ओरडले. "चार दिवस दे मला."

कपाटात तीन बाटल्या उरल्या होत्या. त्या नवऱ्यानं त्याच्या मोठ्या साहेबांसाठी राखल्या होत्या. साहेब रविवारी येतो म्हणाले होते आणि नवऱ्याच्या बढतीचं बोलणं त्या दिवसांत चालू होतं. मी बाटल्यांकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. मग त्यानं तिन्ही उघडल्या, वरची बिअर हात न हलवता अलगद पातेल्यात ओतली आणि बुडाचा गाळ एका वाटीत काढला. तिन्ही मिळून दोन चमचे भरला नसेल.

"जवाचं पाणी करू या," तो थर्मामीटर शोधत म्हणाला.

"तू गप्प बस," मी म्हणाले. "याला पेज लागते."

मी पेज केली, निववली, गुळाचा खडा विरघळवला, गाळ त्यात सोडला आणि फडकं बांधलं. मडक्यात सोड्याचा अंश राहिला असेल या भीतीनं मडकं दहा वेळा नुसत्या पाण्यानं धुतलं आणि वाटी सध्या वेगळीच ठेवली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. मी वाटीजवळच जेवत होते. नवरा जातायेता डोकावायचा आणि काही न विचारता जायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी कडेला एक बुडबुडा आला. तो फुटला, मग बराच वेळ काही नाही, मग दोन आले. मी मोरीत जाऊन रडले.

चौथ्या दिवशी ते मडक्यात घालून, पालघरहून एसटीनं मांडीवर धरून आम्ही माहीमला गेलो. मावशी अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

"जरा कडू लागतो," ती म्हणाली. ते चिराईत होतं. मग पुन्हा चाखलं. "पन आमचाच हाय."

लग्नाला आम्ही दोघंही गेलो. आदल्या दिवशी दुपारी भिजवलेलं पीठ सकाळी परातीच्या बाहेर आलं होतं. कढईत वडे टम्म फुगत होते. हळदीला बायकांनी माझ्या नवऱ्याला धरलं. बोईसरच्या साहेबाला मडकी घासायला बसवा, असं गाणं जागच्या जागी जुळवून त्याला नावं ठेवणं चाललं होतं. कुणी त्याच्या पुढ्यात खरकटी पातेली आणून ठेवली. तो सगळ्यांबरोबर हसत होता, कान लाल झाले होते. आणि मला सगळे "हिनं वाचवलं" म्हणून पुढे बसवत होते, पहिला वडा माझ्या हातानं थापायला लावला होता. मला ते सहन होईना.

मी मावशीला घरामागे, बोंबील वाळत घालायच्या दांड्यांपाशी नेलं.

"मावशी, ते ह्यांनी नाही धुतलं. मी धुतलं. आणि मला माहीत होतं त्यात जीव आहे."

तिच्या हातांना पीठ लागलेलं होतं. दोन्ही हात तिनं तसेच पुढे धरले होते.

"का गो?"

मी रविवारची गोष्ट सांगितली. मित्र, वही, मटकीचे मोड. खोलीत ती केवढी मोठी होती, आणि तिथे, त्या उन्हात, सांगता सांगता इतकीशी झाली. मावशीनं सगळं ऐकून घेतलं.

"नवऱ्यावर राग व्हता, त त्याच्या टाळक्यात तांब्या घालायचास," ती म्हणाली. "माज्या मडक्याला कशाला हात लावलास?"

तिनं हातांचं पीठ झटकलं.

"चल. वडं करपतील."

एवढंच. त्या संध्याकाळी मुलगी निघाली तेव्हा तिच्या हातात नवं मडकं होतं. तिचं सासर लांब, उंबरगावच्या बाजूला.

परतीच्या एसटीत मी नवऱ्याला सांगितलं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "घरात आपण दोघंच. मी नाही धुतलं म्हणजे कोण राहिलं?"

"मग विचारलं का नाहीस?"

"का धुतलं, ते ऐकायची भीती वाटली," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. मग मी तेही सांगितलं. पुढच्या रविवारी साखरेचं गणित हिचं, हे त्यानं मित्रांना सांगितलं, जरा जास्तच मोठ्यानं. बढती त्या वर्षी झाली नाही. त्यावरून त्यानं मला कधी एका शब्दानं टोचलं नाही, आणि मी त्याच्याबद्दल जे मत करून बसले होते ते मला बरंचसं बदलावं लागलं.

मावशी येत राहिली. तीच पायरी, तोच तांब्या, तेच "बाय". मुलीची खबर सांगायची, माझ्या हातचा चहा आवडीनं प्यायची. तिच्या गाळानं केलेल्या बिअरची चव बघून "पाव गेला हां" म्हणून हसायची. लग्नातल्या त्या बोलण्याचा विषय तिनं कधी काढला नाही. मला वाटलं, मिटलं सगळं.

पुढच्या वर्षी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ऑपरेशन ठरलं, मग पंधरा दिवस चुलीपाशी बसायचं नाही, धूर घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती मडकं घेऊन आमच्याकडे आली. रविवार होता. तिला दारात बघून मी हातातलं काम टाकून पुढे झाले आणि दोन्ही हात पुढे केले.

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. मग माझ्या बाजूनं आत गेली आणि मडकं नवऱ्याच्या हातात दिलं.

"साहेब, तुमी सांबाळा," ती म्हणाली. आणि पेज किती, गूळ किती, सावली कुठली, हे सगळं तिनं त्याला पहिल्यापासून समजावून सांगितलं. मी शेजारीच उभी होते.

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. तरी दर खेपेला मलाच विचारायचा, पेज एवढी पुरे का, खडा केवढा घेऊ. मी स्वयंपाकघराच्या दारातून सांगायचे. एकदा त्याला पाळीवरून यायला फार उशीर झाला. पेज करून, निववून मी ओट्यावर ठेवली होती. मडक्यातली सळसळ मंद होत चालली होती. मी मडक्यासमोर पाट टाकून तशीच बसून राहिले. तो आला तो चपला न काढता आत आला, पेज घातली, फडकं बांधलं आणि मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"अगं, घालायचीस ना तू," तो म्हणाला.

"माझ्याकडे दिलेलं नाही," मी म्हणाले.